साभार परत

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी सभेत, कोलकाता येथे केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या या सभेत 'साहित्यिक' म्हणून आम्हांला व्यासपीठावर बसविण्यात आले, यात आमच्या योग्यतेपेक्षा कार्यकारिणीची अडचणच अधिक दिसते. मुंबई-पुण्याहून कोणी नामवंत लेखक आणावयाचा म्हणजे जाण्यायेण्याचा खर्च, उतरण्याची सोय आणि शालजोडी आलीच. आम्ही बालीगंजहून चालत येतो आणि मिळालेला नारळ मंडळाच्याच प्रसादाला परत देतो. तेव्हा प्रारंभीच एक खुलासा करणे आमचे कर्तव्य आहे. आम्ही लेखक नाही. लेखक होऊ घातलेले गृहस्थ आहोत. हा उद्योग आम्ही वयाच्या सोळाव्या वर्षी आरंभिला आणि आज चौसष्टावे वर्ष चालू असतानाही तो अपुराच आहे. एवढ्या काळात आमच्या अकरा कथा छापून आल्या. न छापलेल्या कथांची मोजदाद आम्ही केलेली नाही. परंतु 'साभार परत' अशा छापील चिठ्ठ्या बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात जपून ठेविल्या आहेत, आणि त्या डब्याचे झाकण आता लागत नाही.

आम्हांला दिलेला विषय 'वाङ्मय आणि आपले जीवन' असा भारदस्त आहे. परंतु आम्ही बोलणार आहोत ते या सभागृहाच्या मागील खोलीतील तिसऱ्या कपाटाविषयी. सभागृहाचे नूतनीकरण होत असल्याने वाचनालयाची जागा कमी होणार आहे. संतवाङ्मय, हरिभाऊ, खांडेकर, कुसुमाग्रज या मंडळींची दोन कपाटे राहतील आणि तिसऱ्या कपाटातील 'जीर्ण, फुटकळ व हलक्या' पुस्तकांची विल्हेवाट लावण्यात येईल, असे कार्यकारिणीचे परिपत्रक आपण सर्वांनी वाचले असेल. या तिसऱ्या कपाटात काय आहे, हे आम्ही डोळे मिटून सांगू शकतो. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड आहेत, गो. ना. दातारांच्या कादंबऱ्या आहेत, नारायण धारपांच्या भयकथा आहेत, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहे, आणि मुखपृष्ठे गळालेले दिवाळी अंक आहेत. या कपाटाचे आम्ही ऋणाईत आहोत. ऋणको म्हणून दोन शब्द बोलण्याची परवानगी असावी.

आमचे वडील रेल्वेत होते. बदली होऊन ते कलकत्त्यास आले तेव्हा आम्ही पाच वर्षांचे होतो. (या शहराचे नाव २००१ पासून अधिकृतपणे कोलकाता झाले, परंतु आठवणींमध्ये ते अद्याप कलकत्ताच आहे. क्षमा असावी.) वडिलांना कचेरी होती, आम्हांला शाळा होती. आमच्या मातोश्रींना मात्र काहीच नव्हते. वर्ध्याजवळच्या एका खेड्यात चौथीपर्यंत शिकलेली ही बाई, बंगालीचे एक अक्षर येत नसताना, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत दिवसभर एकटी असे. भाजीवाल्याशी ती मराठीत बोले, तो बंगालीत उत्तर देई, आणि व्यवहार बोटांवर होई.

शाळेत आम्ही इंग्रजी, बंगाली आणि हिंदी शिकत होतो. मराठीचे पुस्तक शाळेत नव्हतेच. वर्षातून एकदा, उन्हाळ्यात, पासावर नागपूरला जाणे होई. टाटानगर, बिलासपूर, रायपूर मागे पडून गाडी गोंदियाला आली, की फलाटावर ऐकू येणाऱ्या बोलण्याने आईचा चेहरा उजळत असे. १९७७ च्या डिसेंबरात, मधू दंडवते रेल्वेमंत्री असताना, वर्गविरहित गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली, तेव्हा वडिलांनी ती जणू आमच्याच कुटुंबासाठी सोडली असावी अशा थाटात पेढे वाटले होते. परतताना नागपूरच्या फलाटावर आई पुस्तके विकत घेई. ज्ञानेश्वरी तिच्याजवळ होती. ती देवघरात असे आणि पहाटे वाचली जाई. फलाटावर ती घेई ती अर्नाळकरांची पुस्तके. किंमत कमी, अक्षर मोठे आणि पहिल्याच पानावर प्रेत.

त्या काळचे कलकत्ता ज्यांनी पाहिले आहे त्यांना लोडशेडिंग म्हणजे काय हे सांगावयास नको. सत्तरीच्या दशकात सायंकाळी दिवे गेले की दोन-दोन तास येत नसत. मग स्वयंपाकघरात कंदील लावून आई पोळ्या लाटी आणि आम्ही पाटावर बसून तिला मोठ्याने पुस्तक वाचून दाखवू. तिचे हात पिठात असत. म्हणून वाचन आमच्याकडे आले. मराठी साहित्याशी आमचा पहिला संबंध हा असा आला. झुंजार भुयारात उतरे, वर तव्यावर पोळी फुगे, आणि शत्रूच्या टोळीने त्याला गाठले की आईचे लाटणे थांबे.

आईचे कान फार तिखट होते. बंगाली आणि हिंदीत वाढलेली आमची जीभ 'चोर', 'चाकू', 'झडप', 'जाळे' हे शब्द हिंदीच्या वळणाने उच्चारी. आई लगेच म्हणे, "चोर नव्हे रे, चोर." स्मरणिकेत हे भाषण छापले जाईल तेव्हा वाचकांना ही मुद्रकाची चूक वाटेल, कारण कागदावर दोन्ही शब्द एकच दिसतात. परंतु आपण सर्वांनी आत्ता ऐकले की ते एक नाहीत. 'चार' मधला च वेगळा आणि 'चाकू' मधला च वेगळा. 'हे जग' म्हणताना ज एक असतो आणि 'शंभर वर्षे जग' असा आशीर्वाद देताना दुसरा असतो. आपल्या लिपीत या दोहोंसाठी निरनिराळी अक्षरे नाहीत. महाराष्ट्रातले मूल हा भेद अंगणात शिकते. आपल्या मुलांना ते अंगण नाही. डोळ्यांनी कितीही ग्रंथ वाचले तरी हा च सापडत नाही. तो कोणाच्या तरी तोंडून कानात पडावा लागतो. आमच्या कानात तो पडला याचे श्रेय चोरांना आणि चाकूंना आहे. संतवाङ्मय आई एकटीच वाचत होती, कारण ते मनात वाचता येत होते. काळापहाडाला मात्र श्रोता आणि वाचक दोघेही लागत.

आमची दुसरी शाळा रेडिओ. दर बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवर अमीन सायानी 'बिनाका गीतमाला' सादर करीत. १९५२ साली सुरू झालेला हा कार्यक्रम आम्ही एका चोपडीत टिपून ठेवीत असू. कोणते गीत कोणत्या पायदानावर आहे, कोणते वर चढले, कोणते घसरले. भूगोलाच्या वहीपेक्षा ती चोपडी अधिक नीटनेटकी होती असे वडील म्हणत, आणि ते खरे होते. २०२४ च्या फेब्रुवारीत अमीन सायानी निवर्तल्याचे वृत्त आले तेव्हा आम्ही ती चोपडी शोधून काढली. शेवटचे उत्तर शेवटपर्यंत हातचे राखावे आणि तोवर ऐकणाऱ्याला उठू देऊ नये, हे कथालेखनाचे तंत्र आम्ही कोणत्याही समीक्षकाकडून शिकलो नाही. ते त्या आवाजाकडून शिकलो.

या दोन्ही छंदांची आम्हांला लाज वाटावी असा प्रयत्न आपल्याच मंडळींनी पुष्कळ केला. अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि घरोघरी त्या वाचल्या गेल्या. परंतु पाहुणे आले की त्या गादीखाली जात. शेजारच्या बंगाली घरात आम्ही निराळाच प्रकार पाहिला. समोरच्या बिऱ्हाडात एक निवृत्त अध्यापक राहत. आम्ही त्यांना 'जेठू' म्हणत असू. पूजेच्या दिवसांत 'देश' साप्ताहिकाचा शारदीय अंक आला, की हे विद्वान गृहस्थ सत्यजित राय यांची फेलूदाची कादंबरी प्रथम वाचीत आणि मग उरलेला अंक पाहत. जगभर ज्यांच्या चित्रपटांची चर्चा होते त्या माणसाने मुलांसाठी गुप्तहेरकथा लिहाव्यात आणि प्राध्यापकांनी त्या उघडपणे, बैठकीच्या खोलीत बसून वाचाव्यात, हे पाहून आम्ही चकित झालो. १९६५ साली 'संदेश' मासिकात फेलूदा अवतरला; त्याच्या वाचकांनी त्याला कधी गादीखाली लपविले नाही. तेच वाचक रवींद्रनाथही वाचीत होते. एकाने दुसऱ्याची जागा अडविली नाही.

असो. सोळाव्या वर्षी आम्ही लेखक होण्याचे ठरविले. तोवर हे मंडळही नुकतेच स्थापन झाले होते. त्याच्या वाचनालयात 'किर्लोस्कर' आणि 'मनोहर'चे अंक टपालाने येत, आणि दिवाळी अंक दिवाळी उलटल्यावर पोहोचून होळीपर्यंत घरोघरी फिरत. पुढे एका विमा कचेरीत नोकरी लागली आणि आमची दिनचर्या ठरून गेली. पहाटे साडेचारला उठावे, फूलस्केप कागदाखाली कार्बन घालावा आणि सहापर्यंत लिहावे. नऊच्या सुमारास बालीगंजहून एस्प्लनेडकडे जाणारी ट्राम पकडावी. पुढच्या डब्यात पंखे असत. मागचा डबा दुसऱ्या वर्गाचा, तेथे पंखे नसत आणि तिकीट स्वस्त असे. वाचलेले पैसे टपालाच्या तिकिटांना लागत, म्हणून आम्ही मागच्या डब्यातून जात असू. कचेरीतील निम्मे सहकारी कवी होते आणि प्रत्येकाचे एखादे लिटल मॅगझिन होते, त्यामुळे तेथे आमच्याकडे कोणी विचित्र नजरेने पाहिले नाही. महिन्यातून एकदा कथेचे पाकीट मुंबईस वा पुण्यास रवाना व्हावे, सोबत परतीचे तिकीट लावलेले पाकीट असावे, आणि पाच-सहा आठवड्यांनी आपल्याच हस्ताक्षरातील आपलाच पत्ता पाहून काळजात धस्स व्हावे.

आमच्या कथा घडत त्या पुण्यात. मराठी कथा घडावयाची तर पुण्यात किंवा गिरगावातच, अशी आमची दृढ समजूत होती. पुणे आम्ही पाहिलेले नव्हते. आमचे सर्व पुणे पुस्तकांतून आलेले होते आणि फास्टर फेणेच्या सायकलीवरून जेवढे दिसते तेवढेच आम्हांस ठाऊक होते. अशाच एका रहस्यकथेत आमचा नायक लकडी पुलाजवळ खुन्याचा पाठलाग करता करता धावत्या ट्राममध्ये उडी घेतो, असा प्रसंग आम्ही मोठ्या ऐटीत रंगविला. कथा परत आली. परंतु या वेळी छापील चिठ्ठीच्या मागे संपादकांनी स्वहस्ते चार ओळी लिहिल्या होत्या. पुण्यात ट्राम कधीच धावली नाही, असे त्यांनी कळविले होते. मात्र ट्रामच्या पायरीवरचे वर्णन इतके खरे आहे की लेखक रोज ट्रामने जात असावा. तरी त्याने पुणे सोडावे आणि ट्राम धरावी.

ती चिठ्ठी घेऊन आम्ही जेठूंकडे गेलो. वाटले होते, ते सांत्वन करतील. ते मनसोक्त हसले आणि त्यांनी आम्हांला शरदिंदु बंद्योपाध्याय यांची हकिगत सांगितली. ब्योमकेश बक्षीचा हा जनक १९३८ साली चित्रपटकथा लिहिण्यासाठी मुंबईस गेला आणि १९५२ पासून पुण्यात राहिला. ब्योमकेशच्या उत्तरकाळातील कितीतरी कथा पुण्यात बसून लिहिलेल्या आहेत. परंतु हॅरिसन रोडवरचे ते बिऱ्हाड, ते रस्ते, तो पाऊस यांत कलकत्त्याचा माणूस चूक काढू शकत नाही. शिवाय याच लेखकाने शिवकालातील सदाशिव नावाच्या मराठी मुलाच्या गोष्टी बंगाली मुलांसाठी लिहिल्या. जेठू म्हणाले, "तो पुण्यात बसून कलकत्ता लिहीत होता आणि तू कलकत्त्यात बसून पुणे लिहितोस. अंतर सारखेच आहे. फरक इतकाच, की तो आपल्या रस्त्यावरून चाललेला होता."

जेठूंनी आणखी एक सुचविले होते. आम्ही सरळ बंगालीतच लिहावे. दाखला म्हणून त्यांनी सखाराम गणेश देऊस्करांचे नाव घेतले. मराठी घराण्यातील या लेखकाचा 'देशेर कथा' हा ग्रंथ १९०४ साली निघाला आणि स्वदेशीच्या काळात बंगालने तो डोक्यावर घेतला. मोह मोठा होता. आमचे बंगाली आमच्या मराठीपेक्षा अधिक शुद्ध होते, हे आज कबूल करण्यास हरकत नाही. परंतु बंगालीत लिहिलेली कथा पोळ्या लाटणाऱ्या आईला वाचून कोण दाखविणार? आमचा वाचकवर्ग एका व्यक्तीचा होता आणि ती व्यक्ती मराठी होती. आम्ही मराठीत राहिलो ते अभिमानाने नव्हे. श्रोता तेथे होता म्हणून राहिलो.

मग आम्ही ट्रामची कथा लिहिली. तीत एक मराठी बाई मागच्या डब्यात चढते. तिला उतरावयाचे ठिकाण बंगालीत सांगता येत नाही. ती कंडक्टरला आपल्या भाषेत घराचे वर्णन करून सांगते आणि सगळा डबा मिळून तिचे घर शोधू लागतो. एवढीच गोष्ट. एका दिवाळी अंकाने ती स्वीकारली आणि पंचवीस रुपयांची मनिऑर्डर आली. त्या संध्याकाळी आम्ही ती आईला वाचून दाखविली. दिवे होते, तरी कंदील जवळ ठेविला होता. आईने सगळी कथा ऐकून घेतली. लाटणे एकदा थांबले होते, हे आम्ही पाहिले. शेवटी तिने विचारले, "सगळे छान आहे रे, पण यात खून कुठे आहे?"

आमच्या लेखनावर झालेली ही सर्वांत प्रामाणिक समीक्षा होय. पुढील सर्व कथांत आम्ही काहीतरी घडवीत आलो आहोत. खून नाही, तरी निदान हाक, चुकामूक, हरवलेली किल्ली. आई आता नाही. विमा कचेरीतून आम्ही निवृत्त झालो. पण दिनचर्या तीच आहे. पहाटे साडेचारला उठतो, लिहितो. कार्बन आता मिळत नाही आणि पाकिटाऐवजी संगणकावरून पाठवितो, त्यामुळे 'साभार परत' चिठ्ठ्या येणे थांबले आहे. हल्ली काहीच येत नाही, आणि आम्हांला त्या चिठ्ठ्यांची आठवण होते. रात्री आम्ही ब्योमकेशचे नवे-जुने चित्रावतार पाहतो, आणि नातू सुटीत आला असता २०१७ चा 'फास्टर फेणे' चित्रपट त्याच्याबरोबर दोनदा पाहिला. २०१८ साली 'तुंबाड' हा हिंदी चित्रपट गाजला, तेव्हा त्यामागे नारायण धारपांच्या कथेची प्रेरणा असल्याचे सर्वत्र छापून आले. ते धारप, सभासदहो, मागील खोलीत तिसऱ्या कपाटात वाळवीची वाट पाहत आहेत.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याच निर्णयात बंगालीलाही तो मिळाला, त्यामुळे आमच्या इमारतीत दोन्ही बाजूंनी मिठाई आली. आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु भाषा अभिजात ठरली म्हणून वाचक जन्माला येत नाही. दहा वर्षांच्या मुलाला 'ही भाषा थोर आहे, म्हणून वाच' असे सांगून कोणी वाचते केल्याचे आमच्या पाहण्यात नाही. 'पुढे काय झाले?' या प्रश्नापाठीमागे मात्र मूल कोठल्याही लिपीत शिरते.

गेल्या गणेशोत्सवातील एक प्रसंग सांगतो. बाहेर मुले 'सैराट'च्या गाण्यावर नाचत होती आणि आम्ही वडीलधारे आवाज कमी करण्याविषयी निरोपावर निरोप पाठवीत होतो. त्या गोंधळातून सुटून एक अकरा वर्षांची मुलगी मागील खोलीत येऊन बसली. शाळेत हिंदी असल्याने तिला अक्षरे येत होती. तिने तिसऱ्या कपाटातून एक कव्हर गळालेले पुस्तक काढले. थोड्या वेळाने ती आमच्याकडे आली आणि विचारू लागली, "आजोबा, भुयार म्हणजे काय?" आम्ही सांगितले. ती गेली आणि पाच मिनिटांनी दुसरा शब्द घेऊन आली. मग आम्हीच तिच्याजवळ जाऊन बसलो आणि मोठ्याने वाचावयास सांगितले. तिने वाचले. एका शब्दापाशी, आम्हांला काही कळण्यापूर्वी, आमच्या तोंडून शब्द निघून गेले, "चोर नव्हे ग, चोर."

बंधुभगिनींनो, तो आवाज आमचा नव्हता.

म्हणून कार्यकारिणीला आमची नम्र विनंती आहे. तिसरे कपाट रद्दीत देऊ नये. जागा नसेल तर आमच्या घरी व्हरांड्यात ठेवू; वाळवीचे औषधही आम्हीच आणू. मात्र एक अट आहे. दर रविवारी सकाळी एक तास मुलांनी आमच्याकडे यावे आणि त्यांपैकी एकाने मोठ्याने वाचावे. मोठ्या माणसांनी कानात तेल घालून बसावे, आणि जेथे च आणि ज चुकेल तेथे हळूच सांगावे. पोळ्यांची व्यवस्था आमच्या मंडळींनी आनंदाने पत्करली आहे. पुढच्या दोन कपाटांपर्यंत ती मुले पोहोचतील की नाही, हे आम्ही सांगू शकत नाही. आम्ही पोहोचलो, एवढेच सांगू शकतो. आणि वाट या तिसऱ्या कपाटातूनच गेली होती.

आमची विनंती मान्य झाली नाही तर तशी चिठ्ठी अवश्य द्यावी. ती कोणत्या डब्यात ठेवावयाची हे आम्हांला ठाऊक आहे.